फार संथ आहे

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी त्याचं बटण दाबायचं, मग चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून, पिऊन, कप विसळून सावकाश परत यायचं. तोवर पडद्यावरचं पांढऱ्या ठिपक्यांचं रिंगण फेर धरून नाचतच असायचं. हे केव्हापासून चाललं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. अमुक तारखेला आजोबा म्हातारे झाले, असं कुठं कुणाला सांगता येतं? एके दिवशी ते जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतात, आपण वर निघून जातो, आणि पुढं कधीतरी ध्यानात येतं की ते रोजच थांबत होते.

मलाही घाई अशी नव्हतीच. मी वाईच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक (आता तिला दहावी म्हणतात) आणि वर चित्रकला-शिक्षकाचा कोर्स. हातून चार कादंबऱ्या लिहून झाल्या त्या फुलस्केप कागदावर, शाईच्या पेनानं. कॉम्प्युटर घरात आला २०११ साली, लेकीच्या हट्टापायी. पुढं ती शिकायला पुण्याला गेली आणि तो माझ्या वाट्याला आला. पूर्वी बापाचे जुने कोट मुलांना यायचे. आता मुलांची जुनी यंत्रं बापाकडे येतात.

त्यातली मूळची हार्ड डिस्क २०१७ साली कुरकुरू लागली. तिच्या पोटात एक तकतकीत तबकडी गरगरत असते आणि तिच्यावरून एक हात सरकत असतो, म्हणजे आपला ग्रामोफोनच म्हणा. ती काढून दुकानदारानं नवी एस. एस. डी. बसवली. पत्त्यांच्या जोडापेक्षाही बारीक, चपटी डबी. आत फिरणारं, हलणारं काहीच नाही. आवाज नाही, धाप नाही. त्या दिवशी कॉम्प्युटर वीस सेकंदांत उभा राहिला. च्यवन ऋषींना तारुण्य मिळालं तेव्हा त्यांच्या घरच्या मंडळींना काय वाटलं असेल, याची मला त्या संध्याकाळी थोडी कल्पना आली.

तर तीच डबी आता, आठ वर्षांनी, जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबू लागली होती.

यंदा, म्हणजे २०२५ च्या जुलैत, या अंकाच्या संपादकांचा फोन आला. ‘नव्या कादंबरीतलं एक प्रकरण दिवाळीला द्या.’ मी फुशारकीनं म्हणालो, ‘भूकंपाचं देतो.’ फोन ठेवला आणि मग पोटात गोळा आला.

त्याचं कारण सांगायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आई एकोणीस वर्षांची होती, अजून लग्न व्हायचं होतं, आणि ती पाटण तालुक्यात माहेरी होती. माझी ही कादंबरी त्या पहाटेभोवती घोटाळते आहे. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत त्या भूकंपाबद्दल पुष्कळ मिळतं. पण अंधारात घरातून बाहेर पळताना माणूस हातात काय घेतो, हे तिथं मिळत नाही. ते आईला ठाऊक होतं. म्हणून २०१७ च्या मे महिन्यात, सुट्टीत, रोज दुपारची तिची वामकुक्षी मोडून मी तिला बोलतं केलं आणि मोबाईलवर ते उतरवून घेतलं. अशा चौदा दुपारी, चौदा फायली. भूकंपाचं कितव्या दुपारी निघालं ते मला आठवत नव्हतं, कारण आईचं बोलणं म्हणजे पसरणीच्या घाटातला रस्ता. पाचगणी दिसते, पण वळणं संपत नाहीत. त्या सगळ्या फायली मी कॉम्प्युटरवर चढवल्या, फोल्डरला ‘आई’ असं नाव दिलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत ती गेली.

त्यानंतर तो फोल्डर मी उघडला नव्हता. पहिली दोन वर्षं धीर झाला नाही. नंतरची वर्षं, खरं सांगायचं तर, न उघडण्याची सवय झाली. आवाज आत आहे, सुखरूप आहे, एवढ्यावर भागत होतं. मोबाईल मधल्या काळात कृष्णेच्या घाटावर गणपती विसर्जनाच्या गर्दीत पाण्यात गेला होता. त्याचंही त्या वेळी फारसं दुःख केलं नाही. कॉम्प्युटरवर आहे ना!

त्या रात्री मी पहिली फाईल उघडली. ठिपक्यांचं रिंगण सुरू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग पडद्यानं ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहिलं. दुसरी फाईल उघडली, तिचीही तीच तऱ्हा. तिसरीला सबंध कॉम्प्युटरच दगडासारखा थिजला, बाण हलेना. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी त्या थिजलेल्या पडद्यावरची ‘आई’ ही दोन अक्षरं बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हे बोललो ही माझी चूक. आमच्या खोलीत आजारी माणसावर आणि बिघडलेल्या यंत्रावर औषध सुचवायला कुणाला विचार करावा लागत नाही. एक म्हणाले, व्हायरस. दुसरे म्हणाले, रॅम वाढवा. विज्ञानाचे आमचे मित्र डबा बंद करत निकाल दिल्यासारखं म्हणाले, ‘फॉर्मॅट मारा सर. पाटी कोरी करायची. पळायला लागतो की नाही बघा.’ हा शेवटचा उपाय मला पटला, कारण तो सोपा होता. घरी येऊन, त्यांनी कागदावर लिहून दिलेल्या पायऱ्या चढत मी त्या पडद्यापर्यंत पोचलोही, जिथं यंत्र विचारतं की सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं ना? सौभाग्यवती मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, आईंचं बोलणं यातच ना?’

मी हात मागं घेतला. शिक्षकाच्या पेशात माणूस असा होतो. सांगितलेल्या पायऱ्या पाठ होतात, कुठं चाललोय ते विसरतो.

बसस्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते चालवणारा माझाच विद्यार्थी. २००३ साली सातवी ‘ब’ चा मी वर्गशिक्षक होतो तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसे. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, ‘फार संथ आहे. वेग वाढवणे आवश्यक.’ हा शेरा मला इतका नेमका आठवतो, कारण तो लिहिताना मला आपण फार अचूक लिहिलं असं वाटलं होतं. एलिमेंटरी परीक्षेच्या सरावाला वस्तुचित्र घातलं की बाकीच्या मुलांचा तांब्या, फडकं, दोन लिंबं रंगवून व्हायची. याच्या कागदावर वेळ संपताना तांब्याचा काठ आणि त्या काठावर पडलेल्या उजेडाची एक रेघ, एवढंच असायचं. रेघ बघण्यासारखी असायची, पण परीक्षकाला तांब्या पाहिजे असतो. रविवारी तो आमच्या घरी सरावाला यायचा. आई त्याला शेंगदाण्याचा लाडू द्यायची आणि तो लाडूसुद्धा तासभर पुरवायचा.

त्याच्याकडे जायला मला थोडा संकोच वाटत होता. गेलो.

रविवारी तो घरी आला. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्यानं स्टूल ओढून घेतलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारायला लागला. संथ म्हणजे कशात संथ? सुरू होताना, का फाईल उघडताना? लिहिताना, का वाचताना? नवी फाईल, का जुनी? मी म्हणालो, ‘अरे, सगळंच संथ आहे.’ तो म्हणाला, ‘सगळंच संथ कधी नसतं सर.’ मग थांबून त्यानं विचारलं, ‘यात असं काय आहे जे दुसरीकडं कुठंच नाही?’

मी सांगितलं.

त्यानं माऊसवर ठेवलेला हात काढून घेतला. ‘आजींचा आवाज?’ म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला. ‘मग आता यात काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही. नुसतं बघायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गुण आला, तर कशानं आला ते कळणार नाही.’

त्याची ती तपासणी मी पुढं दोन तास बघत होतो, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी असाच एखादा म्हातारा बसला असेल त्यांच्यासाठी ती सांगतो.

आधी त्यानं पेटी उघडून धूळ झटकली आणि डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी केबल बदलली. ही तांबडी, पट्टीसारखी केबल दोनशे रुपयांच्या आतली वस्तू, पण तीच सैल असली की मजकूर वाटेत सांडतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि दोष मात्र डिस्कवर येतो. केबल बदलून फरक पडला नाही. मग त्यानं पेन ड्राइव्हवरून एक छोटा प्रोग्रॅम चालवला. त्यात डिस्कनं स्वतःची स्वतःच ठेवलेली नोंदवही दिसते. किती तास चालली, किती मजकूर लिहिला गेला, वाटेत किती वेळा सांडला. सांडल्याची नोंद शून्य. तेव्हा केबल पहिल्यापासून निर्दोष होती. प्रकृतीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘उत्तम, ९४ टक्के.’ मला एकदम माझे मामा आठवले. त्यांचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल होते.

‘ही नोंद झिजेची आहे सर,’ तो म्हणाला. ‘तुम्ही फार लिहिलंच नाही, त्यामुळं झीज नाही. पण झीज वेगळी आणि विसरणं वेगळं.’ त्या वाक्याचा अर्थ मला नंतर लागला.

पुढची शंका मदरबोर्डची. २०११ सालचा आमचा बोर्ड जुन्या चालीचा. त्याच्या दारातून सेकंदाला तीनशे मेगाबाइटपेक्षा जास्त काही जाऊच शकत नाही. नव्या चालीच्या बोर्डांना याच्या दुप्पट जातं. ‘पण तीनशेचं दार असताना माणूस तीनच्या वेगानं चालला, तर दाराला काय बोलायचं?’ हेही बाद. डिस्क भरली होती का? भरली होती, चांगलीच. २४० गिगाबाइटपैकी सहा उरले होते. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाचणारी प्रत्येक पिढी तिथं मुक्कामाला होती. मला वाटलं, चोर सापडला. तो म्हणाला, ‘भरलेली डिस्क लिहायला संथ होते. आपलं दुखणं वाचण्याचं आहे.’

मग त्यानं डिस्कच काढली, रुमालात गुंडाळली, आणि आम्ही दोघं भर पावसात त्याच्या दुकानात गेलो. तिथल्या नव्या यंत्राला ती पाहुणी म्हणून जोडली. आमच्या घरचा कॉम्प्युटर, त्यातली विंडोज, व्हायरस, रॅम, सगळं मागं राहिलं होतं. तरीही ‘आई’ फोल्डरपाशी ती तशीच थिजली. म्हणजे दोष डिस्कचाच. आणि इथं माझ्या या संथ विद्यार्थ्यानं जे केलं ते मला आयुष्यात सुचलं नसतं. त्यानं डिस्कवरच्या मोठ्या मोठ्या फायली वर्षांप्रमाणे ओळीनं लावल्या आणि एकेक नुसती वाचून बघितली. यंदाच्या जूनमधला शाळेच्या प्रवेशोत्सवाचा व्हिडिओ सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या वेगानं सरसर आला. २०२३ चं स्नेहसंमेलन दोनशेनं. २०१९ चं वीस. २०१७ चं चार, तीन, मध्येच शून्य. तीच डिस्क, तीच केबल, तेच यंत्र. जितकं जुनं आणि न शिवलेलं, तितकं संथ.

‘बघा,’ तो म्हणाला, ‘नवीन सगळं आठवतंय. जुनं आठवायला वेळ लागतोय.’

का, ते त्यानं मला समजावलं आणि मी नंतर वाचूनही पाहिलं. पण मला ते उमगलं ते त्यानं काउंटरवरची पेन्सिल उचलून पावतीच्या पाठीवर आठ चौकोन काढले तेव्हा. पहिला कोरा, शेवटचा गडद काळा, मधले सहा क्रमानं करडे. चित्रकलेच्या पहिल्या धड्यातली छटांची पट्टी. ती मीच त्याला शिकवली होती.

या डिस्कमध्ये कोट्यवधी इवल्या कोठड्या असतात आणि प्रत्येकीत थोडे इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. भोवती निरोधकाची भिंत, त्यामुळं वीज बंद केली तरी ते आतच राहतात. अशी अधांतरी कोठडी पहिल्यांदा सुचली ती अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीमध्ये, दावोन कांग आणि सायमन झी या दोघांना, आणि साल होतं १९६७. (भूकंपाचंच साल. याला काही अर्थ नाही, पण वाचताना मी थबकलो हे कबूल करतो.) जपानमध्ये तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी त्यातून फ्लॅश मेमरी काढली, आजच्या डिस्क ज्या जातीच्या आहेत ती जात त्यांनी १९८७ साली जगापुढं मांडली. सबंध गठ्ठा एका झटक्यात पुसला जातो, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसा, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं हे नाव सुचवलं.

सुरुवातीला एका कोठडीत फक्त काळं की पांढरं एवढंच बघायचे. ते कुणीही लांबून ओळखेल. पण स्वस्तात जास्त मजकूर मावावा म्हणून पुढं एकाच कोठडीत आठ छटा भरायला लागले. हल्ली तर सोळा भरतात. आमची डबी आठवाली. आता पेन्सिलीनं भरलेली छटांची पट्टी आठ वर्षं पत्र्याखालच्या खोलीत ठेवा. काळा थोडा उतरतो, करडा थोडा फिका पडतो. इलेक्ट्रॉन भिंतीतून एकेक करून झिरपत असतात, उन्हाळ्यात जास्त. मग पाचवी छटा की चौथी, हे एका नजरेत कळत नाही. डिस्क पुन्हा बघते, जरा वेगळ्या उजेडात धरून बघते, शेजारच्या कोठड्यांशी हिशेब जुळवून चूक दुरुस्त करते. दहा दहा वेळा वाचते, तेव्हा एक ओळ लागते. आपण बाहेर बसून म्हणतो, संथ झाली! २०१४ साली एका मोठ्या कंपनीच्या डिस्कना हेच झालं होतं. जुन्या फायली रखडू लागल्या, बोभाटा झाला, तेव्हा कंपनीनं आतला प्रोग्रॅम सुधारून दिला. जुना मजकूर डिस्कनं आपण होऊन अधूनमधून नव्यानं गिरवावा, असा तो उपाय. पण त्यालाही वीज लागते. आमचा कॉम्प्युटर पावसाळ्यात महिना महिना बंद असे. वापरून पुरती झिजलेली घरगुती डिस्क विजेवाचून तीस अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर राखील, एवढीच अपेक्षा त्या धंद्याच्या मानकात धरलेली आहे. आणि मी आठ वर्षं समजत होतो की आवाज आत सुखरूप आहे.

‘मग आता?’ मी विचारलं.

‘आता उतरवून घ्यायचं. जे सहज येईल ते आधी. अडेल तिथं अडून बसायचं नाही, पुढं जायचं. सगळं झालं की मागं यायचं, अडलेल्याला पुन्हा विचारायचं. असा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याला वेळ लागतो.’ मग पडद्याकडेच बघत म्हणाला, ‘मी पण जरा संथच आहे सर.’

मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा व्यवस्थित फिरत होता.

‘आई’ फोल्डर पहिल्यांदा घेतला. पहिली फाईल बावीस मिनिटांनी उतरली. गाण्याच्या एका गोष्टीएवढीही ती मोठी नव्हती, चाळीस मेगाबाइट. दुसरी लवकर आली. चौथीनं पाऊण तास खाल्ला. रात्री नऊला त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि समोरच्या गाड्यावरून वडापाव आणला. मी म्हणालो, तू घरी जा, मी बसतो. तो म्हणाला, तुम्ही जा, मी बसतो. दोघंही बसलो. पडद्यावर आकडे सरकत होते, थांबत होते. ते थांबले की मीही श्वास घ्यायचा थांबे. आई आजारी असताना दवाखान्यातल्या यंत्राकडे मी असाच बघत बसायचो. तिथं मात्र कुणी ‘पुन्हा विचारू’ म्हणालं नव्हतं.

पहाटे तीनच्या सुमाराला तेरा फायली पूर्ण उतरल्या होत्या. अकरावीत एक तुकडा राहिला. त्या तुकड्याला त्या प्रोग्रॅमनं तीनदा विचारलं, उलटीकडूनही विचारलं. नाहीच. ‘चार-पाच सेकंदांचं बोलणं गेलं असेल,’ तो म्हणाला, आणि माझी माफी मागितल्यासारखं त्यानं तोंड केलं.

बाकीची डिस्क उतरायला पुढचा सबंध दिवस गेला. मग त्यानं ती पूर्ण पुसली आणि सगळं नव्यानं लिहून बघितलं, तर तीच संथ डबी सगळ्या फायली पाचशेच्या वेगानं वाचू लागली. आठही छटा ताज्या झाल्या होत्या ना! म्हणजे विज्ञानवाले मित्र अगदीच चुकीचं सांगत नव्हते. फॉर्मॅट करून ती पळालीच असती. फक्त त्यातली आई गेली असती. तरी त्यानं ती परत वापरू दिली नाही. जिनं एकदा न वाचता येण्याची नोंद केली तिच्यावर विसंबायचं नाही, प्रश्नपत्रिकांना ठेवा म्हणाला. नवी डिस्क बसवली, एक प्रत बाहेरच्या जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवर दिली, एक लेकीकडे पुण्याला पाठवली. पैसे त्यानं फक्त डिस्कचे घेतले. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, ‘लाडवांचे धरा.’

आता त्या फायली मी ऐकतो आहे. दुपारी, आई ज्या वेळी बोलायची त्याच वेळी. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला आई विचारते, ‘चालू झालं का रे?’ आणि माझाच आवाज, आठ वर्षांनी लहान, थोडा घाईत, म्हणतो, ‘हो, बोल.’ मी किती घाईत होतो! ती आपल्या चुलतीच्या बांगड्यांबद्दल सांगत असते आणि मी मध्येच तोडून म्हणतो, ‘ते राहू दे, भूकंपाचं सांग.’ बांगड्यांचं राहिलंच.

भूकंपाचं नवव्या फायलीत निघालं. ते इथं सांगणार नाही, ते प्रकरणात येईल. एवढंच सांगतो, की घर हलायला लागलं तेव्हा माझ्या आजीनं देव उचलले नाहीत, दागिने उचलले नाहीत. तिनं विस्तवाचं खापर उचललं, कारण बाहेर थंडी होती आणि काडेपेटीत दोनच काड्या होत्या. हे मला कोणत्या पुस्तकात मिळणार होतं?

अकरावी फाईल सौभाग्यवतींनी माझ्याबरोबर ऐकली. त्यात चकलीच्या भाजणीचं आहे. आई सांगते आहे, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ मात्र... आणि तिथं एक बारीक खरखर होते, मग काहीच नाही, आणि मग आई म्हणते, ‘म्हणजे तुटत नाही.’ आमच्या घरात यावर जी हळहळ झाली ती भूकंपावरसुद्धा झाली नाही. ‘नेमकं तेच!’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘अहो, पुन्हा लावा, कदाचित येईल.’ आम्ही चारदा लावली. लेकीनं पुण्याहून तिच्या प्रतीवर ऐकलं, तिथंही खरखरच. मग सौभाग्यवतींनी ऑगस्टमध्येच तीन वेगवेगळ्या भाजण्या दळून आणल्या, उडदाची डाळ अर्धी वाटी, पाऊण वाटी, एक वाटी. दुकानातल्या आमच्या डॉक्टरला चव घ्यायला बोलावलं. त्यानं तिन्ही चकल्या पुढ्यात घेऊन, एका वेळी एकच, मध्ये पाणी पिऊन, पाऊण तास लावला. पाऊण वाटीची आजींसारखी लागते म्हणाला, पण अजून एकदा बघू.

संपादकांना मी कळवलं आहे की प्रकरणाला अजून वेळ लागेल. माझं ऐकणं दहाव्या फायलीच्या पुढं सरकत नाही, कारण मी आता मध्येच पुढं ढकलत नाही. ते म्हणाले, तोवर दुसरं काही द्या, म्हणून हे दिलं. चौदावी फाईल मात्र शेवटाकडून थोडी ऐकली, धीर धरवला नाही. तिच्यात शेवटी बराच वेळ कुणी बोलत नाही, बाहेर कुठंतरी कोंबडा ओरडतो, आणि मग आई म्हणते, ‘झालं का? बंद कर मग ते. उगीच चालू कशाला ठेवतोस?’